रक्ताचें चित्र आणि भक्तीची कसोटी



आजचा प्रश्न साधा आहे. ज्याला आपण देव, गुरु किंवा धर्मवीर मानतों, त्याचे हाल पडद्यावर रक्तामांसासकट दाखवीत असतील, तर श्रद्धावंतानें ते पाहावे काय? पुण्य लागतें म्हणून पोराबाळांसह जाणारे आहेत, आणि पाप म्हणून कानांवर हात ठेवणारेही आहेत. दोघांचेंही ऐकून घेऊं आणि मग आपल्या बुद्धीनें निवाडा करूं.

उदाहरण ख्रिस्ती लोकांचें घेतों. सन २००४ मध्यें मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' हा बोलपट निघाला. येशूच्या शेवटच्या बारा तासांची ही कथा. सुमारें दोन तासांच्या ह्या बोलपटांत चाबूक, कांटे आणि खिळे यांनाच मुख्य जागा आहे. सतरा वर्षांखालील मुलांना वडीलधाऱ्यांवांचून आंत सोडूं नये, असा शेरा अमेरिकेंत त्याला मिळाला. तरी कित्येक चर्चांनीं अख्खीं थिएटरें आगाऊ घेतलीं. तीन कोटी डॉलरांच्या आसपास खर्च झाला आणि साठ कोटींहून अधिक डॉलर गल्ल्यांत पडले.

जाणाऱ्यांचें म्हणणें हलकें नाहीं. ते म्हणतात, "आमच्यासाठीं त्यानें काय सोसलें हें ऐकून ऐकून कान बोथट झाले होते. डोळ्यांनीं पाहिलें तेव्हां काळीज हाललें." चित्राचा जोर मोठा आहे हें खरेंच. मुंबईस १९१० च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनीं ख्रिस्तचरित्राचें मुकें चित्र पाहिलें, तेव्हां राम-कृष्ण असेच पडद्यावर कां येऊं नयेत, असा ध्यास त्यांनीं घेतला आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' काढला. शिवाय येशूच्या यातनांचें चिंतन ही कॅथलिकांची जुनी चाल आहे. क्रूसाच्या वाटेचे चौदा टप्पे वसईच्या चर्चांतही दिसतात.

पण त्या वाटेंत आणि बोलपटांत एक अंतर आहे. तेथें भाविक आपल्या पायांनीं चालतो. मन भरून आलें तर थांबतो, प्रार्थना करतो, मग पुढें जातो. बोलपटांतला चाबूक तुमच्या प्रार्थनेसाठीं थांबत नाहीं. एक फटका मनांत उतरण्याआधींच दुसरा बसतो. शेवटीं मन विचार करीत नाहीं, नुसतें सुन्न होतें. सुन्नपणाला भक्ती समजूं नका.

आतां मूळ ग्रंथ पाहा. मत्तय, मार्क आणि योहान यांनीं फटक्यांची गोष्ट एकेका ओळींत उरकली आहे. त्यांना हाल ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. क्रूस ही रोमी सरकारची दास आणि बंडखोर यांना द्यावयाची उघड शिक्षा होती. परंतु लेखकांनीं पानें खर्चिलीं तीं त्याच्या बोलण्यावर आणि वागण्यावर. तो सुतार होता. त्याचे पहिले सोबती कोळी होते. भुकेल्यांबरोबर, रोग्यांबरोबर, जकातदारांबरोबर तो बसला. बोलपटांत हें सारें क्षणभर चमकून जातें आणि चाबूक मात्र संपतां संपत नाहीं. सुतार काय म्हणाला हें विसरून त्याच्या जखमाच तेवढ्या मोजणें, हा त्याचा मान नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे. हाल पाहिले कीं "हे कोणीं केले?" असा राग उठतो, आणि तो राग जिवंत माणूस शोधतो. युरोपांत शतकानुशतकें येशूच्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवून त्यांना मारलें, लुटलें, हांकलून दिलें. हा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवतां येत नाहीं, असें रोमच्या चर्चनें १९६५ सालीं जाहीर केलें. आमच्या कोंकणांतले शनवार तेली यहुदीच. पिढ्यान् पिढ्या घाणा चालविणाऱ्या त्या माणसाचा, दोन हजार वर्षांपूर्वींच्या फाशीशीं संबंध काय?

हें परमुलखाचेंच दुखणें नव्हे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं 'छावा' निघाला. १६८९ सालीं औरंगजेबानें संभाजी महाराजांचे जे हाल केले, ते त्यांत शेवटीं सविस्तर दाखविले आहेत. मग कबर उखडण्याची मागणी चढली आणि १७ मार्चला नागपुरांत दंगल झाली. त्या बोलपटानें लोकांच्या भावना पेटल्या, असें मुख्यमंत्र्यांनीं विधानसभेंत सांगितलें. दंगलीस एकटा बोलपटच कारण, असें आम्ही म्हणत नाहीं. पण जाळपोळींत गाड्या गेल्या त्या रस्त्यावरच्या गरिबांच्याही, आणि औरंगजेब तर तीनशें वर्षांपूर्वींच मेला!

तेव्हां आमचें मत असें. जाणत्या माणसानें पाहावें कीं न पाहावें, हें त्याचें त्यानें ठरवावें. जो पाहत नाहीं तो कमी भाविक ठरत नाहीं. दुबळ्या मनाच्या आयाबायांना कोणीं आग्रह करूं नये. लहान लेकरांना मात्र मुळींच नेऊं नये. त्यांना धर्म कळत नाहीं, भीती तेवढी कळते. तिकीट काढणें हें धर्मकृत्य आहे असें कोणी सांगेल, तर तो धंदा करीत आहे हें ओळखावें.

आणि जो पाहून येईल त्यानें घरीं येऊन स्वतःला विचारावें: त्या पुरुषाचा एक तरी शब्द आपल्या ध्यानांत राहिला काय? कोणा शेजाऱ्याविषयीं मनांत विष आलें काय? मार्क सांगतो कीं क्रूसाकडे दुरून पाहणाऱ्या बायका नंतर सुगंधी द्रव्यें घेऊन थडग्याकडे गेल्या. पाहण्यानंतर त्यांच्या हातांस काम लागलें. आमच्यांत पडद्यावरच्या चाबकाला रडणारा गडी त्याच रात्रीं बायकोवर हात उगारतो. असल्या रडण्याचा उपयोग काय? त्यानें आधीं घरांतला मार थांबवावा, मग बोलपटाची गोष्ट बोलावी.