आठवड्याचा बाजार आणि पथविक्रीचा परवाना



रस्त्याच्या कडेला बसून माल विकणाऱ्यांविषयीचा कायदा हा केवळ शहराचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कायद्यानेच दृढ केला आहे. संसदेने २०१४ साली संमत केलेल्या पथविक्रेता अधिनियमाच्या उद्देशवाक्यात 'नागरी पथविक्रेते' असाच उल्लेख आहे. त्याची अंमलबजावणी महानगरपालिका, नगरपालिका, नगर पंचायत अथवा कटक मंडळ यांनी करावयाची असून ग्रामपंचायतीला त्यात स्थान नाही. परंतु गोव्यातील कोणत्याही पालिकेच्या रस्त्यावर सकाळी पाटी मांडून बसलेल्या बाईला तिचे गाव विचारून पाहावे. जे नाव ऐकू येईल ते पुष्कळदा पालिकेच्या हद्दीबाहेरचे असेल.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हे याचे ठळक उदाहरण होय. या गावाच्या नावातच 'माप' हा शब्द दडलेला आहे, असे लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, बाजार मात्र खरा आहे. हरमलची मिरची, मयड्याची केळी, कुळागरातील सुपारी व नारळ, पावसाळ्यात तायखिळा, दोडकी, काकडी आणि चिबूड, भातकापणीनंतर वायंगणी मळ्यातील तांबडी भाजी, मुळा व वाल, असा ऋतूप्रमाणे बदलत जाणारा माल येथे येतो. चैत्र-वैशाखात पुरुमेंताच्या खरेदीसाठी सुकी मासळी, सोलां आणि मिरची यांचे ढीग लागतात. बार्देशाबरोबर पेडणे व डिचोली तालुक्यांतून, तसेच सीमेपलीकडील दोडामार्ग-सावंतवाडी भागांतूनही विक्रेते येथे येतात. रोजच्या बाजारात दिसणारी बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. तिच्या शेजारी 'गावठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या जुडीला चार पैसे अधिक मिळतात, आणि त्या चार पैशांवर खेड्यातील अनेक घरांचा मीठमिरचीचा खर्च भागतो.

अशा विक्रेत्यांना कायद्याचे संरक्षण नव्हते तेव्हा त्यांचे बसणे केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग यांच्या प्रकरणात रस्त्यावरील विक्री हा व्यवसाय-स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. मात्र विशिष्ट जागेवर कायमचा हक्क सांगता येणार नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट केले. पुढे २००४ व २००९ ची राष्ट्रीय धोरणे झाली आणि अखेर १ मे २०१४ पासून कायदा अमलात आला. त्यातील तरतुदी निःसंशय हिताच्या आहेत. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांची पाहणी व्हावी, पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवू नये, हलवावयाचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी, जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्यास त्याच दिवशी परत करावा, असे कायदा सांगतो. भाजीवालीच्या दृष्टीने शेवटची तरतूद सर्वांत मोलाची. कारण दुसऱ्या दिवशी परत मिळालेली तांबडी भाजी ही न मिळाल्यासारखीच.

मग अडचण कोठे आहे? कायद्याने ज्या विक्रेत्याचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले आहे, तो रोज एकाच शहरात बसतो आणि दुसरे काही करीत नाही. खेड्यातून येणारी बाई आठवड्यातून एकदा बसते, आणि उरलेले सहा दिवस ती शेतकरी असते.

प्रमाणपत्र घेण्यापूर्वी विक्रेत्याने एक हमीपत्र द्यावे लागते. हा व्यवसाय आपण स्वतः अथवा कुटुंबीयांमार्फत करू, प्रमाणपत्र भाड्याने वा अन्य प्रकारे दुसऱ्यास देणार नाही, आणि आपणास उपजीविकेचे अन्य साधन नाही, असे त्यात लिहून द्यावयाचे असते. यामागील हेतू योग्यच आहे. दुकानदाराने दुसऱ्याच्या नावाने रस्त्यावर चार गाडे लावू नयेत, यासाठी ही अट आहे. परंतु पेडणे तालुक्यातील एखाद्या बाईकडे भाताची थोडी जमीन आहे, दहाबारा माड आहेत, परसात भेंडी आणि वांगी आहेत. तिने या कागदावर अंगठा उठवला तर ते विधान अक्षरशः खरे ठरत नाही, आणि न उठवला तर प्रमाणपत्र मिळत नाही. ज्या जमिनीमुळे तिच्याजवळ विकण्यास माल आहे, तीच जमीन तिला अपात्र ठरविणार काय? या संदर्भात २००६ चा अन्नसुरक्षा कायदा पाहण्यासारखा आहे. त्या कायद्याने शेतकरी व मच्छीमार यांना त्यांच्या स्वतःच्या उत्पादनापुरते स्पष्ट शब्दांत वगळले आहे. पथविक्रीच्या कायद्यात अशी सोय शेतकऱ्यासाठी केलेली नाही.

दुसरी बाब संख्येची. पाहणीत आढळलेल्या विक्रेत्यांना सामावून घेताना शहराच्या अथवा प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के हे प्रमाण धरावे, असे कायदा म्हणतो. २०११ च्या जनगणनेनुसार म्हापशाची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. त्या हिशेबाने मर्यादा येते सुमारे एक हजाराची. कपडे, खेळणी, भांडी, खाद्यपदार्थ विकणारे रोजचे विक्रेते याच हजारात मोजावयाचे, आणि शुक्रवारी येणाऱ्यांनीही त्यातच आपली जागा शोधावयाची. वस्तुतः शुक्रवारचे गिऱ्हाईक एका शहराचे नसून दोन-तीन तालुक्यांचे असते. जागेपेक्षा विक्रेते अधिक झाल्यास सोडत काढून उरलेल्यांना लगतच्या विक्री क्षेत्रात सामावून घ्यावे, अशी तरतूद आहे. कागदावर ती न्याय्य दिसते. पण बाजारात गिऱ्हाईक जागेला ओळखते. वर्षानुवर्षे एकाच झाडाखाली बसणारी बाई पलीकडच्या गल्लीत गेली, तर तिची मिरची शोधीत कोणी फिरत नाही.

पाहणीच्या दिवसाचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल, पण सर्व पुढचे हक्क त्या एका नोंदीवर उभे आहेत. गणना सोमवारी वा मंगळवारी झाली तर शुक्रवारचा विक्रेता त्या यादीत येणारच नाही. शिवाय साखळीचा सोमवार, वाळपईचा मंगळवार, डिचोलीचा बुधवार असे बाजार फिरणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी निराळ्या पालिकेची पायरी चढावी लागते.

याहून बिकट स्थिती माटोळीच्या सामानाची. चतुर्थीपूर्वी दोन-तीन दिवस सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांतून कांगलां, घागऱ्या, म्हावळिंगे, आंबाडे, सुपारीची शिपुटे घेऊन माणसे पालिकांच्या बाजारांत उतरतात. रानातला हा माल ओळखणे व वेळेवर उतरवणे हे परंपरेचे ज्ञान आहे, आणि ते ज्यांच्याजवळ आहे त्यांत २००३ साली अनुसूचित जमातींत समाविष्ट झालेल्या गावडा, कुणबी व वेळीप समाजांतील कुटुंबे पुष्कळ आहेत. प्रमाणपत्र देताना अनुसूचित जमातींना व स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे कायदा म्हणतो खरा, परंतु वर्षातून तीन दिवस चालणारा हा व्यापार पाच वर्षांनी एकदा होणाऱ्या पाहणीत दिसणार कसा?

पालिकांची बाजूही ऐकावयास हवी. बाजार उठल्यावर कचरा पालिकेनेच उचलावयाचा, रुग्णवाहिकेला वाट पालिकेनेच ठेवावयाची. शिवाय घाऊक बाजारातून माल उचलून तो 'गावठी' म्हणून विकणारेही शुक्रवारच्या गर्दीत असतात. खरा शेतकरी कोणता हे बाजार निरीक्षकाने नुसते बघून ठरवावे, अशी अपेक्षा धरणे रास्त नव्हे. यावर उपाय अवघड नाही. कृषी खात्याचे कृषी कार्ड अथवा गावच्या पंचायतीचा दाखला पुरावा म्हणून स्वीकारता येईल. ग्रामपंचायतीला कायद्यात स्थान नसले, तरी तिच्या दाखल्याला व्यवहारात स्थान देण्यास कोणाची आडकाठी असू नये.

किंबहुना बहुतेक दुरुस्ती संसदेकडे न जाताही होण्याजोगी आहे. कायद्याने स्थिर व फिरते विक्रेते यांखेरीज योजनेत ठरवता येईल असा 'अन्य कोणताही प्रवर्ग' मोकळा ठेवला आहे. साप्ताहिक व हंगामी विक्रेता हा प्रवर्ग त्यात बसू शकतो. एकच जागा वेळ वाटून देण्याची पद्धत योजनेत असावी, असेही परिशिष्टात म्हटले आहे. म्हणजे सोमवार ते गुरुवार एकाची आणि शुक्रवारी दुसऱ्याची, अशी जागा देता येते. ज्या पारंपरिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्री चालली आहे तो वारसा बाजार म्हणून घोषित करावा व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, ही तरतूद तर म्हापशासारख्या बाजारासाठीच लिहिली असावी असे वाटते.

मात्र हे ठरविताना ज्या नगर पथविक्रेता समितीचे मत घ्यावयाचे, तिच्यात खेड्यातील विक्रेता पोहोचला पाहिजे. समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असतात व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. पण यादीत नाव नसलेल्याला मत कोठले? आणि रोजच्या व शुक्रवारच्या विक्रेत्याचे हित एकच आहे, असे मानून चालणे भाबडेपणाचे होईल. रोज बसणाऱ्याला शुक्रवारची गर्दी हवी असते, शुक्रवारचा शेजारी नको असतो.

शेवटी सोपोविषयी. सोपो भरला म्हणजे परवाना मिळाला, अशी अनेक बायकांची प्रामाणिक समजूत आहे. ती बरोबर नाही. सोपो हे त्या दिवसापुरते बसण्याचे शुल्क होय. बहुधा ते ठेकेदार गोळा करतो, आणि त्यातून विक्रीचे प्रमाणपत्र उत्पन्न होत नाही. तरीही त्याची पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. त्या बाजारात आपण खरोखर बसत होतो याचा तारीखवार पुरावा खेड्यातील विक्रेत्याजवळ दुसरा क्वचितच असतो.

या पुराव्याचा एक उपयोग प्रत्यक्ष आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री स्वनिधी कर्जयोजनेत, आसपासच्या ग्रामीण भागातून येऊन पालिकेच्या हद्दीत विक्री करणाऱ्यांनाही पालिकेच्या अथवा समितीच्या शिफारसपत्रावर पात्र धरण्यात आले. जे मूळ कायद्यात स्पष्ट नव्हते ते येथे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. २०२५ साली या योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवण्यात आली आणि पहिल्या कर्जाची रक्कम १० हजारांवरून १५ हजार रुपये करण्यात आली. शिफारसपत्राचा अर्ज आपल्या गावच्या पंचायतीकडे नव्हे, तर जेथे पाटी मांडली जाते त्या पालिकेकडे करावयाचा असतो, आणि पावत्या त्याच अर्जासोबत जोडावयाच्या.