कोरडवाहू शेत आणि माहेरचे मूळ

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘लहान शेतकऱ्याचे कौटुंबिक जीवन’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा संघाच्या चालकांनी आम्हांस केली आहे. समोर बसलेल्या मंडळींपैकी बहुतेकांची कुळकथा याच जीवनातून निघालेली असल्यामुळे काही नवीन सांगू असा आमचा दावा नाही. तथापि एक गोष्ट फार दिवसांपासून मनात घर करून आहे. शेतकऱ्याच्या घरासंबंधी जे लिहिले-बोलले जाते त्यात शेत असते, बैल असतात, पाऊस आणि सावकार असतो. पाहुणा मात्र नसतो. असलाच तर पाहुणचाराच्या कौतुकापुरता. वस्तुतः आपल्या बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात पाहुण्यांचा राबता हा शेतीच्या धंद्याचाच एक भाग होता, आणि तो राबता ज्यांच्या पायांनी चालू राहिला त्या आपल्या लेकीबहिणी होत.

प्रथम घराकडे पाहू. बालाघाटाच्या माथ्यावर पाटोदा-आष्टीच्या बाजूस चार-पाच एकर मुरमाड जमीन, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत, दावणीला एक गाय, दोन शेळ्या आणि जमले तर बैल. गिरणी येण्यापूर्वी घरातील सुनेचा दिवस जात्यापासून सुरू होई. दळण, सडा, पाणी, भाकरी, मग भाकरीचे टोपले डोक्यावर घेऊन रान. तेथे खुरपणी, वेचणी किंवा काढणी. परतताना डोक्यावर सरपणाचा भारा. पुरुषाचे काम औताशी बांधलेले, म्हणून ते हंगामी. स्त्रीचे काम पोटाशी बांधलेले, म्हणून ते बारमाही. हे वाक्य भाषणाच्या ओघात आले खरे, पण ज्यांनी आईला पहाटे उठताना पाहिले आहे त्यांस ते पटण्यास अडचण पडू नये.

ज्याच्या दावणीला एकच बैल तो भावकीतील दुसऱ्या एकबैल्याशी सावड करी. पेरणी अडली तर इर्जिक घाली. सारा गाव औते घेऊन येई आणि त्या दिवशीचे जेवण यजमानाचे. भावकीचा उपयोग असा रोजचा. परंतु भावकीला एक मर्यादा असते, ती म्हणजे तिची जमीन आपल्याच शिवारात असते. पाऊस आपल्याला चुकला की भावकीलाही चुकला. अशा वर्षी भाऊबंद एकमेकांस काय देणार? तेव्हा आठवत ते सोयरे.

आपल्या जिल्ह्याची रचना या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. मधून बालाघाटाची रांग गेली आहे. वर घाटावर हलकी जमीन. तेथे बाजरी, हुलगा, मटकी, तूर आणि डोंगरउतारावर सीताफळ, ज्याला २०१६ साली बीडचे म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले. खाली उत्तरेस गेवराई-माजलगावची गंगथडी. गोदावरीस आपल्याकडे गंगाच म्हणतात. तेथे काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन. तेथील भर रब्बीवर, शाळू आणि हरभऱ्यावर. घाटावरचे साल बुडते ते पावसाळ्यातील उघडिपीने. गंगथडीचे बुडते ते परतीचा पाऊस न आल्याने, किंवा अतिवृष्टीने. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा आणि गोदावरीच्या काठांनी काय पाहिले ते येथे सांगावयास नको. तात्पर्य, दोन्हीकडची आपत्ती पुष्कळदा एकाच वर्षी येत नाही. म्हणून आपले वाडवडील घाटावरची मुलगी गंगथडीस देत आणि गंगथडीची घाटावर आणीत. ‘उजवलेली लेक लांब बरी’ असे म्हातारी माणसे म्हणत. त्यात भांडणे टाळण्याचा हेतू होता तसाच कणगीचाही हिशेब होता.

हा हिशेब आम्हीच प्रथम मांडतो आहोत असे नव्हे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीचे संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने दख्खनमधील काही खेड्यांतील कुटुंबांच्या वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. त्यांत महाराष्ट्रातील खेडीही होती. त्या नोंदींवरून मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली असे दाखवून दिले की, ज्या घरांच्या सोयरिकी लांब गावी झाल्या होत्या त्या घरांच्या खाण्यापिण्यावर वाईट हंगामाचा आघात कमी होई. परदेशी विद्वानांनी गणिताने सिद्ध केलेली गोष्ट आपल्या आज्यांना तोंडपाठ होती. आज्यांना कोणी विचारले नाही, एवढेच.

आता हा राबता चाले कसा? नवी सून आषाढात माहेरी जाई. श्रावणात पंचमीला घरोघरी मूळ निघे. धाकटा भाऊ मुराळी होऊन बहिणीच्या सासरी जाई, एक रात्र राही आणि सकाळी सासूची परवानगी घेऊन तिला घेऊन निघे. पुढे दिवाळी आणि भाऊबीज, मग बाळंतपण, उन्हाळ्यात मुलांचे मामाचे गाव, आणि अधिक मास आला की जावयाला धोंडे-जेवणाचे आमंत्रण. बैलगाडी असेल तर गाडी, नसेल तर पायी. सोबत दशम्या आणि धपाट्यांची शिदोरी. नंतर एस.टी. आली. आगगाडी परळीस होती. बीड शहरास ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी मिळाली, तेव्हा आमच्या पिढीच्या माहेर-सासरच्या वाटा एस.टी.नेच जोडल्या असे म्हटले पाहिजे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस निम्मे भाडे झाले. त्यानंतर कितीतरी प्रौढ बहिणी कोणाच्या मुळाची वाट न पाहता स्वतःच पिशवी घेऊन माहेरच्या फाट्यावर उतरू लागल्या आहेत. शासनाच्या सगळ्याच योजनांविषयी आम्हांस इतके बरे बोलता येईल असे नाही.

माहेरवाशीण विसाव्यास येते, असे आपण मानतो. पंचमीचा झोका एक दिवसाचा. दुसऱ्या दिवशी तिच्या हाती खुरपे असे, कारण पंचमी येते ती नेमकी बाजरीच्या खुरपणीत. जाताना तिच्या गाठोड्यात खण आणि लाडू असत, तसे घेवड्याचे, भोपळ्याचे किंवा शाळूचे मूठभर बीही असे. परत येताना ती तिकडची बातमी आणी: कडबा कोठे स्वस्त आहे, गोऱ्हा कोणाकडे विकाऊ आहे, कोणाच्या मुलीला स्थळ पाहिजे. बाजारभाव कळण्याचे दुसरे साधन नव्हते तेव्हा ही मोठी गोष्ट होती. घाटावर चारा संपला की जनावरे बहिणीच्या गावी जात आणि पावसाळ्यात परत येत. त्याचा कोठे कागद होत नसे.

या व्यवस्थेचे आम्हांस गोडवे गावयाचे नाहीत. १९७२ च्या दुष्काळात घाट आणि गंगथडी दोन्ही होरपळली, तेव्हा सोयरेही हात टेकून बसले. त्या वेळी माणसे जगली ती खडी फोडून, पाझर तलावांच्या कामावर माती टाकून, सुकडी आणि मिलो खाऊन. सोयऱ्यांचा उपयोग तेव्हा एवढाच झाला की काम कोठे निघाले आहे याचा निरोप येई. आणि ज्या मुलीच्या जिवावर हे सारे नाते उभे होते, तिला लांब देताना तिचे मत कोणी घेतले नव्हते, हेही तितकेच खरे.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. जमिनीचे तुकडे पडले. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ साली १.३४ हेक्टरांवर आली. घाटावरची हजारो कुटुंबे ऊसतोडीस जाऊ लागली. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीच्या आगेमागे टोळी हलते ती उन्हाळ्यापर्यंत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. कोयता पुरा व्हावा म्हणून कोवळ्या वयात मुलींची लग्ने उरकली जातात, आणि याविषयी या व्यासपीठावरून पूर्वी बोलणे झालेले आहे. आमच्या विषयापुरते एवढेच की, भाऊ सांगलीच्या फडात आणि बहीण कोल्हापूरच्या, अशी भाऊबीज आता फोनवर होते. घरी म्हातारी आणि शाळेची पोरे. मुराळी व्हावयास घरात कोणी नसते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, त्या ८९४ होत्या. ८०७ हा आकडा त्या वेळी राज्यात सर्वांत खालचा होता. त्या जनगणनेतील बालके आज लग्नाच्या उंबरठ्यावर आहेत किंवा पोहोचत आहेत. आपल्या वधू-वर सूचीत वरांची पाने जाड आणि वधूंची पातळ का, याचे उत्तर तेथे आहे. ज्या लेकीच्या पायांनी सोयरिकीची वाट पडते ती लेकच नको म्हटल्यावर दुष्काळी सालात कडबा कोठून येणार? कोणी म्हणेल, आता पीकविमा आहे, रेशन आहे, फोन आहे. असेल. विम्याच्या कंपनीने बाळंतिणीला चाळीस दिवस ठेवून घेतल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी आम्ही वस्तुतः उभे राहिलो. १९९४ साली महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. त्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्वच मुलींस मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम. कायदा असा स्वच्छ आहे. आपल्या घरांत काय घडते? वडील वारले की भाऊ बहिणींस बोलावून घेतात. बहुधा दिवाळीस, कारण तेव्हा सगळ्या एकदम येतात. ओवाळणी होते, साडी मिळते, आणि दुसऱ्या दिवशी जीप करून सर्व मंडळी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर अंगठे उमटविण्यास जातात. कागदावर ‘राजीखुशीने’ असा शब्द असतो.

आमच्याच सोयऱ्यांतील एका घरी असे झाले. पुढे त्या बहिणीचे यजमान कर्जापायी गेले. दोन मुलांना घेऊन ती माहेरी आली आणि भाजीपाल्यापुरते अर्धा एकर रान वाहू द्या म्हणाली. भाऊ वाईट माणूस नव्हे. त्याचे स्वतःचे पोट दोन एकरांवर. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, “अक्का, आता कागद होऊन गेला.” ती आज तालुक्याच्या गावी लोकांची धुणीभांडी करते. पंचमीस तिच्याकडे मूळ जात नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

दुसऱ्या एका घरी बहिणीने सही नाकारली. ‘माहेर तोडलेस’ असे तिला साऱ्या गावाने सांगितले. तीन वर्षे बोलणे बंद होते. सातबाऱ्यावर नाव मात्र राहिले. रान आजही भाऊच कसतो, आणि सुगी झाली की तिच्या वाटणीचे एक पोते ज्वारी एस.टी.च्या टपावरून नव्हे, स्वतः मोटारसायकलवर बांधून नेऊन देतो. आता भाऊबीजही चालू आहे. एक उदाहरण म्हणजे नियम नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु हक्क ठेवला की नाते तुटलेच, हा जो धाक बहिणींस घातला जातो, तो खरा नाही एवढे त्यावरून दिसते.

चार एकरांत दोन भाऊ, एक बहीण. त्याचे तीन तुकडे केले तर कोणाचेच पोट भरत नाही, ही अडचण खोटी नाही. पण तोच तर्क धाकट्या भावाला लावून त्याचा हक्क कोणी सोडवून घेत नाही. तुकडे न पाडता सामायिक नावे ठेवता येतात, रान एकाने कसावे आणि धान्य वाटून घ्यावे, हे आपल्याकडे बटाईच्या व्यवहारात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे.

तेव्हा सभेपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली अशी की, दिवाळी आणि पंचमीच्या दिवसांत आपल्या समाजातील कोणीही बहिणीस हक्कसोडपत्राच्या सहीसाठी नेऊ नये. घ्यावयाचीच असेल तर इतर वेळी, तिच्या घरी जाऊन, तिच्या मुलाबाळांसमक्ष विचारावे. दुसरी आपल्या वधू-वर सूचीविषयी. त्या फॉर्मात वराच्या बाजूस ‘शेती किती एकर, बागाईत किती’ असा रकाना आहे. त्याच्या शेजारी ‘सातबाऱ्यावर बहिणींची नावे आहेत काय’ असा आणखी एक रकाना घालावा. मुलीच्या बापाने तो अवश्य वाचावा, कारण जो आपल्या बहिणीचे नाव राखतो तो सासुरवाडीच्या लेकीचेही राखील, असा आमचा अंदाज आहे. फॉर्म छापावयास जाण्यापूर्वी विचार व्हावा म्हणून ही सूचना लेखी स्वरूपात चिटणीसांच्या हाती दिली आहे. कार्यकारिणीने ती फेटाळली तर कारण पुढील स्मरणिकेत छापावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.