खाडीचा चिखल

मंडळी, आज आम्ही चिखलाविषयी बोलणार आहोत. हसू नका. धरमतरच्या खाडीकाठी, पेण-अलिबागकडे, ज्यांची भातशेती खारात आहे, त्यांचे पोट चिखलमातीच्या बांधावर उभे आहे. बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते. मग पुढची काही वर्षे भात धड येत नाही.

हा चिखल कुठे घट्ट, तर कुठे लिबलिबीत. असे का?

घरी एक करून बघा. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात चमचाभर मीठ विरघळवा. मग दोन्हींत चिमूट चिमूट चिकणमाती ढवळा. खाऱ्या पाण्यातली माती लवकर खाली बसते. गोडे पाणी बराच वेळ गढूळ राहते. चिकणमातीचा कण फार बारीक. मिलिमीटरचे ५०० भाग केले, तर एका भागाहूनही लहान! मिठामुळे हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाला बसतात. खाडीतही हेच चालते.

पण नुकता बसलेला चिखल म्हणजे बहुतेक पाणीच. अगदी पेज. साध्या लाटेनेही तो उठून जातो. त्यावर थर साचले, की वजनाने खालचे पाणी हळूहळू निघते, चिखल आवळतो. ओहोटीचे ऊनही त्याला सुकवते. वर तपकिरी, बुळबुळीत साय दिसते ना? ती अगदी सूक्ष्म शेवाळाची. तिचा चिकट रस कणांना धरून ठेवतो. बुळबुळीत वस्तू काय धरणार, असे आम्हालाही आधी वाटले होते! तिवरांची मुळे चिखल बांधतात, आणि त्यांची झाडी लाटेचा जोर मोडते.

म्हणून बांधाच्या पायथ्याचा चिखल खणून बांधावर थापू नका. साय गेली, घट्ट थर गेला, की पायथाच उघडा पडतो. माती लांबून आणा. थोडी थोडी घाला, चोपा, सुकू द्या. एकदम ओला ढीग घातला, तर तो पसरतो. खेकड्यांची बिळे लगेच बुजवा. बिळातून पाणी आतली माती नेते, वरून कळतही नाही.

पुष्कळ बांधांचे काम सरकारी खारभूमी खात्याकडे असते, हे खरे. अर्ज जरूर करा. आता लिहिता येते! पण उधाण काही कचेरी उघडायची वाट बघत नाही. पुनवेला-अवसेला भर दुपारी पाणी चढते, आणि मध्यरात्री पुन्हा. तेव्हा बॅटरी घेऊन बांधावर चक्कर मारा. नवी चीर किंवा गढूळ पाण्याची धार दिसली, तर तिथूनच शेजाऱ्याला हाक मारा.