निळ्या फुलदाणीचे मोल

हैदराबादेत मुशी नदी ओलांडून मलकपेठेत गेले, की घोडशर्यतीचे मैदान लागते आणि सहाव्या निजामांच्या महबूब मॅन्शनचे नाव कानी पडते. अशा वस्तीतील एखाद्या जुन्या घराची वाटणी निघते. भांडीकुंडी मोजली जातात आणि कपाटावरची गर्द निळी चिनी फुलदाणी खाली उतरते. जुन्या वस्तूंचा व्यापारी येतो, फुलदाणी उलटीसुलटी करून पाहतो आणि एक आकडा सांगतो. घरात पैशाची निकड असते. फुलदाणी द्यावी काय? आणि द्यायची तर कोणत्या किमतीस?

याचे उत्तर प्रथम त्या वस्तूपाशीच शोधले पाहिजे. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीलाही चिनी मातीची म्हणतात. परंतु बरणी निराळी आणि अस्सल पोर्सेलीन निराळे. केओलिन नावाची पांढरी माती व एका विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळून सुमारे तेराशे अंशांच्या आचेत भाजली, म्हणजे हे टणक, शुभ्र भांडे सिद्ध होते. चीनमधील जिंगदेचेन हे या विद्येचे माहेरघर. निळा रंग कोबाल्टचा. त्याने भांड्यावर चित्र रेखून वर पारदर्शक झिलई दिली, तर निळीपांढरी नक्षी उठते. तोच कोबाल्ट झिलईत कालवला, तर भांडे सर्वांगी निळे होते. निळा हा आकाशाचा वर्ण. म्हणून चीनचे सम्राट स्वर्गपूजेच्या विधीत अशी निळी भांडी वापरीत.

बुडाशी सम्राटाचे नाव असले, की घरातली मंडळी हरखून जातात. पण तेथेच फसगत होते. कांग्शी सम्राटाच्या काळातील (१६६२–१७२२) कुंभार पूर्वीच्या मिंग सम्राटांची नावे घालीत, आणि एकोणिसाव्या शतकातले कुंभार कांग्शीचे नाव घालीत. यात कधी पूर्वजांविषयी आदर असे, तर कधी निव्वळ लबाडी. म्हणून जाणकार मनुष्य नावावर न थांबता बुडाची उघडी माती, झिलईची जाडी, घडण आणि झीज ही सारी एकत्र पडताळून पाहतो.

याच्या उलटही घडते. इंग्लंडमधील एका घरात च्येनलोंग सम्राटाच्या काळातील (१७३६–९५) एक निळी फुलदाणी, सोन्यारुप्याची नक्षी असलेली, स्वयंपाकघरात पडून होती. काहीशे पौंडांना घेतलेली ती वस्तू २०२२च्या मे महिन्यात न्यूबरी येथील लिलावात सुमारे साडेचौदा लक्ष पौंडांना गेली. प्रत्येक निळ्या फुलदाणीचे असे भाग्य नसते, हे खरे. परंतु पारख होण्यापूर्वी केलेला सौदा आंधळा असतो, हेही तितकेच खरे.

मलकपेठेच्या रहिवाशाला पारखीसाठी दूर जावे लागत नाही. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, १९४९ साली निवर्तले. त्यांनी जन्मभर जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत खुले झाले. १९६८पासून ते मुशीकाठच्या इमारतीत आहे. तेथील चिनी भांड्यांसमोर तासभर उभे राहिले, तरी डोळा तयार होऊ लागतो. कायदाही ध्यानी असावा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो.

आणखी एक पुरावा घरातच असतो, आणि तो सर्वांत नाशिवंत. ही फुलदाणी कोणी आणली, कोठून आणली, केव्हा आणली, हे बहुधा घरातील एखाद्या वृद्ध आत्याला किंवा आजीलाच ठाऊक असते. तिचे बोलणे तारखेसह कागदावर उतरवून घ्यावे आणि जुनी पावती वा छायाचित्र त्यासोबत जपून ठेवावे. तसा कागद असला, म्हणजे ग्राहकाचा विश्वास वाढतो आणि मोलही वाढते. निकड असेल तर फुलदाणी अवश्य विकावी. त्यात कमीपणा नाही. मात्र ती मुकी करून विकू नये. एकदा दाराबाहेर गेलेली वस्तू पैसे मोजून कदाचित परत आणता येईल; आजीबरोबर गेलेली हकीकत कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.