मैदानावरील अध्यापक : एमॉस अलाँझो स्टॅग

१९३८ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणावर फुटबॉलचा एक सामना झाला. पाहुणा संघ दूर कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन गांवच्या पॅसिफिक कॉलेजचा होता. त्या संघाचे शिक्षक शहात्तर वर्षांचे होते. आणि ज्या मैदानावर ते आपलीं मुलें घेऊन उतरले होते, त्या मैदानाला नांव त्यांचेंच होतें. 'स्टॅग फील्ड' हें नांव विद्यापीठानें पंचवीस वर्षांपूर्वीं मोठ्या अभिमानानें दिलें होतें. पाहुण्यांनीं त्या दिवशीं ३२ गुण केले. शिकागोच्या वांट्याला एकही आला नाहीं. पुढच्याच वर्षीं शिकागो विद्यापीठानें फुटबॉल हा खेळच आपल्या आवारांतून काढून टाकला.

ज्या विद्यापीठाचें नांव या खेळानें गाजविलें त्यानेंच त्याला रजा कां द्यावी, आणि ज्या गुरूनें तेथें एक्केचाळीस वर्षें घालविलीं त्यानें परक्यांचा संघ घेऊन तेथें कां यावें, हें कळण्यासाठीं एमॉस अलाँझो स्टॅग यांचें चरित्र पाहिलें पाहिजे. तें चरित्र लांबलचक आहे. कारण स्टॅग एकशें दोन वर्षें जगले, आणि त्यांतलीं सुमारें सत्तर वर्षें त्यांनीं मुलांना खेळ शिकविण्यांत घालविलीं.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतों तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलांत लंबगोल चेंडू हातीं धरून धांवावयाचें असतें. पायाचें काम थोडें. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यानें चार प्रयत्नांत दहा यार्ड भूमि जिंकावयाची. न जिंकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जावयाचा. चेंडू घेऊन पळणाऱ्यास अंगाला भिडून खालीं पाडण्याची मुभा असते. हुतूतूंतील पकड, कुस्तींतील बळ आणि बुद्धिबळांतील डावपेंच हीं एके ठिकाणीं आलीं असें समजावें. प्रत्येक चाल आधीं आंखून, घोटून घेतलेली असते. त्यामुळें शिक्षकाला, ज्याला तिकडे 'कोच' म्हणतात त्याला, या खेळांत सेनापतीचें महत्त्व येतें.

स्टॅग यांचा जन्म न्यू जर्सी संस्थानांतील वेस्ट ऑरेंज येथें १६ ऑगस्ट १८६२ रोजीं झाला. वडील जोडे शिवीत. घरीं मुलें पुष्कळ आणि पैसा थोडा. कष्ट करून, पोटाला चिमटा घेऊन हा मुलगा येल विद्यापीठापर्यंत पोंचला. तेथें बेसबॉलमध्यें चेंडू टाकण्यांत त्यानें इतकें नांव मिळविलें कीं, धंदेवाईक संघांनीं त्याच्यापुढें मोठाल्या रकमा ठेविल्या. त्यानें त्या घेतल्या नाहींत. धर्मोपदेशक व्हावयाचें त्याच्या मनांत होतें, आणि धंदेवाईक मैदानांना मद्यालयांचा शेजार असे. १८८९ सालीं देशांतील उत्तम अकरा फुटबॉलपटूंची पहिली यादी निघाली, तींतही त्याचें नांव होतें.

धर्मोपदेशकाचा मार्ग मात्र पुढें सुटला. सभेपुढें बोलणें आपल्याला साधत नाहीं असें त्यांना वाटूं लागलें. चर्चमध्यें जें सांगावयाचें तें मैदानावर सांगूं, अशा निश्चयानें ते १८९० मध्यें मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम्. सी. ए.च्या शिक्षणशाळेंत गेले. जेम्स नेस्मिथ त्याच संस्थेंत होते. १८९१ च्या डिसेंबरमध्यें नेस्मिथ यांनीं भिंतीला टोपल्या टांगून बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला, आणि ११ मार्च १८९२ रोजीं त्याचा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थ्यांनीं तो ५ विरुद्ध १ असा जिंकला. शिक्षकांच्या बाजूचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा होता. याच स्प्रिंगफील्डच्या तालमींत तयार झालेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें कॉलेज काढलें. तेव्हां आपल्या देशांतील व्यायामशिक्षकांशींही या घराण्याचें दूरचें नातें पोंचतें.

याच सुमारास शिकागो येथें रॉकफेलर यांच्या द्रव्यानें एक नवें विद्यापीठ उभें राहात होतें. त्याचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमध्यें स्टॅग यांचे गुरु होते. त्यांनीं शिष्याला बोलावून घेतलें आणि जी नेमणूक दिली ती त्या काळीं अपूर्व होती. १८९२ सालीं स्टॅग शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख व सहयोगी प्राध्यापक झाले. तेंही कायमच्या नेमणुकीवर. इतर कॉलेजांत कोच म्हणजे हंगामापुरता आणलेला गडी. संघ हरला कीं त्याची गठडी वळलीच. शिकागोंत मात्र तो इतिहासाच्या किंवा गणिताच्या अध्यापकाच्या पंक्तीला बसला. पहिल्या वर्षीं विद्यार्थी इतके थोडे कीं, संघाची भरती करण्यासाठीं प्राध्यापकमहाशय स्वतःच खेळले.

त्यांची शिकविण्याची रीति कडक होती. तंबाखू नाहीं, मद्य नाहीं, शिवी नाहीं. फार राग आला तर ते विद्यार्थ्याला 'गाढव' म्हणत. त्याहून अधिक आला तर 'दुहेरी गाढव'. आपल्या शाळांतून वाढलेल्या माणसाला यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं, पण तिकडे ही गोष्ट आख्यायिका होऊन बसली आहे. अंगाला भिडण्याचा सराव करण्यासाठीं गादीची गुंडाळी टांगण्याची युक्ति त्यांचीच म्हणतात. धांवतां धांवतां चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे देऊन प्रतिपक्षाला चकविण्याच्या कित्येक चाली, गड्यांच्या पाठीवर अंक घालण्याची पद्धति, यांचेंही जनकत्व त्यांच्याकडे जातें. यांतील प्रत्येक दावा वादातीत आहे असें नाहीं. परंतु त्या काळांत नवी युक्ति निघाली कीं ती स्टॅग यांची असावी असें लोक धरून चालत, हेंही कांहीं थोडें नव्हे. त्यांच्या पत्नी स्टेला या संघाचे आराखडे काढून देत व प्रतिपक्षाचे सामने पाहून टिपणें करीत.

स्टॅग यांच्या कीर्तीचा कळस ३० नोव्हेंबर १९०५ रोजीं झाला. मिशिगन विद्यापीठाचा संघ १९०१ पासून छप्पन सामने अपराजित होता. शिकागोच्या मैदानावर पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. सामना बरोबरींत सुटणार असें वाटत असतां शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलनें चेंडू लांब उडविला. मिशिगनचा डेनी क्लार्क तो घेऊन आपल्याच गोलरेषेच्या मागून निघाला आणि तेथेंच पाडला गेला. अशा वेळीं प्रतिपक्षास दोन गुण मिळतात. शिकागोनें २ विरुद्ध ० असा सामना जिंकला. शहरांत दिवाळी झाली. क्लार्कवर मात्र त्या दोन गुणांचा डाग जन्मभर राहिला. १९३२ सालीं त्यानें आत्मघात केला, तेव्हां वृत्तपत्रांनीं सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या चुकीचीच आठवण काढली. विद्यार्थ्यांच्या खेळाला एवढें ओझें कोणीं दिलें, हा प्रश्न स्टॅग यांचें चरित्र वाचतांना टाळतां येत नाहीं.

त्याच १९०५ च्या हंगामांत देशभर अठरा-एकोणीस खेळाडू मैदानावरील दुखापतींनीं मृत्यु पावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्याची तंबी दिली. स्टॅग १९०४ पासून नियम ठरविणाऱ्या मंडळाचे सभासद होते. १९०६ मध्यें चेंडू पुढें फेंकण्याची परवानगी मिळाली आणि पांचाऐवजीं दहा यार्ड जिंकण्याचा नियम झाला. त्यामुळें एका ढिगाऱ्यांत एकमेकांना तुडविण्याचा प्रकार कमी झाला आणि खेळाला मोकळें मैदान मिळालें. पश्चिमेकडील विद्यापीठांच्या संघटनेनें सामन्यांची संख्याही कांहीं काळ पांचांवर आणली, आणि कोच हा विद्यापीठाचाच नियमित सेवक असावा असा दंडक घातला. हार्पर यांनीं स्टॅग यांच्यासाठीं जें केलें होतें तेंच आतां इतरांना बंधनकारक झालें.

येथपर्यंत चित्र उजळ आहे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नव्या विद्यापीठाला नांव हवें होतें, आणि तें ग्रंथालयापेक्षां क्रीडांगणांतून लवकर मिळतें हें हार्पर यांनीं ओळखलें होतें. तिकिटांच्या उत्पन्नाचा कारभार दीर्घकाळ स्टॅग यांच्याच विभागाकडे होता. चांगला खेळाडू दिसला कीं त्याच्या अभ्यासांतील उणीवांकडे कानाडोळा होई. मिशिगनवरील विजयाचा वीर एकरसॉल हा अभ्यासांत कधींच पुरता उतरला नाहीं, आणि त्याचा खेळण्याचा काळ संपतांच १९०७ सालीं विद्यापीठानें त्याला काढून टाकलें. आधीं डोळे झांकले आणि मग न्याय केला! स्टॅग यांनीं स्वतः एक पैशाचाही गैरवापर केला असें कोणी म्हटलेलें नाहीं. परंतु निःस्पृह मनुष्याच्या हातून उभारलेलें यंत्र निःस्पृहपणेंच चालेल असा नियम नाहीं. १९२३ सालीं रविवारीं होणाऱ्या धंदेवाईक फुटबॉलविरुद्ध त्यांनीं जाहीर पत्र लिहून त्याला संकट ठरविलें. पण पन्नास हजार प्रेक्षकांचें मैदान, पैसा आणि जयघोष हें सारें तोंवर विद्यापीठांच्या आवारांतही येऊन बसलें होतें, आणि तें तेथें आणणाऱ्यांत त्यांचाही हात होता.

१९२९ मध्यें रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे अवघ्या तिसाव्या वर्षीं शिकागोचे अध्यक्ष झाले. विद्यापीठ हें विद्येसाठीं असतें, यावर त्यांची श्रद्धा जाज्वल्य होती. सत्तर वर्षें पुरीं झालेल्या अध्यापकानें निवृत्त व्हावें हा नियम त्यांनीं स्टॅग यांनाही लावला. सल्लागाराचें मानाचें पद पुढें करण्यांत आलें. स्टॅग यांनीं तें नाकारलें. त्यांना मान नको होता, मुलें हवीं होतीं. अध्यापकाचा दर्जा त्यांना मोठ्या प्रतिष्ठेनें मिळाला होता. अध्यापकाचाच नियम त्यांना आतां बाहेर काढीत होता. यांत अन्याय झाला असें त्यांच्या चाहत्यांना वाटलें. नियमाच्या दृष्टीनें पाहिलें तर हचिन्स यांनीं वावगें कांहीं केलें नाहीं. पण नियम माणसाचें वय मोजतो, उमेद मोजीत नाहीं.

१९३३ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ते पॅसिफिक कॉलेजांत नव्यानें रुजू झाले. तेथें ना द्रव्य, ना मोठा प्रेक्षकवर्ग. मोठ्या विद्यापीठांशीं सामने घेऊन, पुष्कळदां हरून, ते संघ बांधीत राहिले. १९४३ सालीं, युद्ध चालूं असतां, या लहान कॉलेजाच्या संघानें नऊपैकीं सात सामने जिंकले, आणि कोच मंडळींच्या संस्थेनें एक्याऐंशी वर्षांच्या स्टॅग यांना त्या वर्षाचे उत्तम कोच ठरविलें.

इकडे शिकागोंत फुटबॉलची अवकळा झाली होती. १९३५ सालीं देशांतील उत्तम कॉलेज-खेळाडूचें पहिलें पारितोषिक शिकागोच्याच जे बर्वेंजरला मिळालें खरें, पण ती विझत्या दिव्याची ज्योत होती. १९३९ मध्यें मिशिगननें शिकागोला ८५ विरुद्ध ० असें चिरडलें. मिशिगनचे कोच फ्रिट्झ क्रिस्लर हे स्टॅग यांचेच शिष्य, त्यांच्याच हाताखालीं शिकागोंत तयार झालेले! त्या डिसेंबरांत विद्यापीठानें खेळ बंद केला. ओसाड पडलेल्या प्रेक्षागाराच्या पश्चिम बाजूखालीं चेंडूच्या खेळाचें एक बंदिस्त दालन होतें; तेथें २ डिसेंबर १९४२ रोजीं एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी यांनीं युरेनियम व ग्रॅफाइट यांच्या राशींत परमाणूंच्या विघटनाची मानवनिर्मित अशी पहिली अखंड शृंखला चालविली. जेथें हजारों कंठांतून आरोळ्या उठत तेथें मूठभर शास्त्रज्ञ श्वास रोखून यंत्राचे कांटे पाहात उभे होते. पुढें १९५७ मध्यें तें प्रेक्षागार पाडण्यांत आलें, आणि १९७० सालीं त्या जागेवर विद्यापीठाचें भव्य ग्रंथालय उघडलें. हचिन्स यांना हें आवडलें असतें. हार्पर यांना काय वाटलें असतें, तें सांगणें कठीण.

स्टॅग यांचें काम मात्र चालूंच होतें. १९४६ सालीं पॅसिफिक कॉलेजनेंही त्यांना निरोप दिला, तेव्हां ते पेन्सिल्व्हेनियांतील सस्क्वेहॅना येथें आपल्या चिरंजीवांच्या जोडीला गेले. पिता व पुत्र मिळून सहा वर्षें एक संघ चालवीत होते, आणि १९५१ च्या हंगामांत तो संघ एकही सामना हरला नाहीं. त्यानंतर स्टॉक्टनच्या स्थानिक कॉलेजांत मुलांना चेंडू लाथेनें उडविण्याचें कौशल्य शिकविण्याचें काम त्यांनीं पत्करलें, आणि तें १९६० पर्यंत, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षापर्यंत केलें. ज्याच्या हाताखालीं एके काळीं देशांतील नामांकित खेळाडू होते, तो मनुष्य शेवटीं शिकाऊ पोरांच्या एका लाथेचा कोन सुधारीत मैदानावर उभा असे. त्यांत त्यांना कांहीं कमीपणा वाटल्याचें दिसत नाहीं.

१७ मार्च १९६५ रोजीं स्टॉक्टन येथें त्यांचें निधन झालें. ३१४ विजयांचा त्यांचा उच्चांक १९८१ सालीं अलाबामाचे पॉल ब्रायंट यांनीं मोडला. शिकागो विद्यापीठानें १९६९ मध्यें फुटबॉल पुन्हां सुरू केला, पण वेगळ्या अटीवर: राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या ज्या तिसऱ्या विभागांत खेळासाठीं शिष्यवृत्ति द्यावयाची नसते, त्या विभागांत तें आज खेळतें. याच विभागाच्या अंतिम सामन्याला १९७३ पासून 'स्टॅग बोल' असें नांव आहे.