रोक्सानाची पाकिटं

शिरूर-दौंडकडच्या कितीतरी घरांत पगार हाती आला की दूध, किराणा, वीजबिल असे पैसे वेगळे ठेवले जातात. रोहिंटन मिस्त्री यांच्या २००२ सालच्या ‘फॅमिली मॅटर्स’ या इंग्रजी कादंबरीतली मुंबईची पारशी गृहिणी रोक्साना हेच पाकिटांत करते. कंपवात झालेले, घोटा मोडलेले वडील नरिमन तिच्या दोन खोल्यांत येतात आणि पाकिटं रोडावतात. मग तिचा धाकटा मुलगा जहांगीर शाळेत मुलांकडून लाच घेतो, नोटा गुपचूप पाकिटांत सरकवतो. लेकराची माया आणि पाप एकाच पाकिटात! मला तिथं भरून येतं. तिकडे रोक्सानाची सावत्र बहीण कूमी नरिमनना परत घरी घेणं टाळण्यासाठी घराचं छतच फोडवते. पुढे दुरुस्तीच्या वेळी तुळई कोसळून तिचा जीव जातो.