शुश्रूषेचा व्यवसाय आणि तरुण पिढी

घरांतील वडील माणूस अंथरुणास खिळलें म्हणजे त्याच्या उशाशीं बसणें हें कर्तव्य मानलें जातें. परंतु तेंच काम मुलीनें अगर मुलानें व्यवसाय म्हणून पत्करावयाचें ठरविलें, कीं त्याच घरांत कपाळांना आठ्या पडतात.

ही विसंगति जुनी आहे. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदन स्थापन झालें, तेव्हां परिचारिकेचें काम हलकें समजलें जाई. तरीहि संस्थेनें विधवा व इतर स्त्रियांना ससून रुग्णालयांत त्याचें शिक्षण मिळवून दिलें. लोकापवादापेक्षां स्वावलंबन श्रेष्ठ, हें त्या विद्यार्थिनींनीं कृतीनें दाखविलें. पण समाजाचें मन सावकाश पालटतें. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालांत सुमारें ४३,००० लोकांमागें एकच परिचारिका असल्याची नोंद आढळते.

आजच्या तरुणांस सेवेचा तिटकारा आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०२० च्या करोना-साथींत कित्येक तरुण परिचारिका घरादारापासून दूर राहून रुग्णांजवळ उभ्या होत्या. तरुण बिचकतात तें रात्रपाळी, तुटपुंजें वेतन आणि अप्रतिष्ठा यांना. ‘सेवा’ या पवित्र शब्दाआड वेतन कापणाऱ्यांस त्यांना दोष देण्याचा अधिकार पोंचत नाहीं.

हें काम केवळ स्त्रियांचें, हा समजहि टिकणारा नाहीं. जर्मनींत १९६१ पासून २०११ पर्यंत लष्करी नोकरी नाकारणाऱ्या असंख्य तरुणांनीं रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत पर्यायी सेवा केली.

म्हातारपणीं आपल्या उशाशीं कोण बसणार, ही चिंता ज्या घराला वाटते, त्या घरानें आपल्या मुलामुलींना हें काम आधीं मानानें शिकूं द्यावें.